लूम थांबल्यावर

नारपोली, भिवंडी
८ जानेवारी २००६

दिना,

जय भीम. वर 'प्रिय' लिहिलेलं नाही. सहा वर्षांनी तो शब्द लिहायचा तर आधी तुझी परवानगी हवी, आणि परवानगी मागायची मला सवय नाही.

पत्राचं कारण आई. तिच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. पट्टी काढली तेव्हा समोर मी होते. ती म्हणाली, "बकुळे, तू म्हातारी दिसायला लागलीस गं." वाल्मीक इतका हसला की नर्सनं त्याला बाहेर काढलं. नवरा म्हणून त्याला एवढंच येतं.

दिवाळीत आई तुमच्याकडे इचलकरंजीला महिनाभर राहून आली. आल्यावर तुमच्याबद्दल चकार शब्द काढला नाही. काल तांदूळ निवडताना एकदम तुझ्या नवऱ्याबद्दल म्हणाली, "मिथुन जेवायला घरी येतो आणि निजायला कारखान्यात जातो. सहा वर्षं झाली. दिना त्याला थांब म्हणत नाही, तो विचारत नाही. हे तू केलंस."

मी तिला सांगितलं ते तुलाही सांगते. मी जे बोलले ते एका बाईच्या बाजूनं बोलले. बाईनं दुखणं पदराखाली झाकायचं आणि पुरुषाला कुणी जाब विचारायचा नाही, हे मला तेव्हा मान्य नव्हतं, आजही नाही. माझ्या हेतूत खोट नव्हती.

माझी तब्येत उत्तम आहे. शाळा, व्याख्यानं, वाचन चालू आहे. जयंतीचं भाषण यंदाही माझंच.

बकुळाताई


नारपोली
२९ जानेवारी २००६

दिना,

तुझं उत्तर आलं नाही. बरोबर केलंस. त्या पत्रात दोन खोट्या गोष्टी होत्या.

पहिली तब्येतीची. गेली चार वर्षं मला योनीमार्गात खाज आहे. हा शब्द लिहिताना पेन थांबलं होतं. म्हणून मुद्दाम लिहिला. अंगावरून पांढरं जातं, घट्ट, दह्याच्या कवडीसारखं. लघवीला बसलं की आग होते. वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी राहायचे ती मुलींना माझा चेहरा दिसू नये म्हणून. संविधानाची कलमं तीनशे माणसांसमोर तोंडपाठ म्हणणारी मी. घरात वाल्मीकला सांगू शकले नाही.

काय काय केलं ते ऐक. तुरटीच्या पाण्यानं धुतलं. कडुलिंबाचा पाला उकळला. बादलीत जंतुनाशक ओतून दिवसातून तीनदा धुतलं, आणि आग दुप्पट झाली. शेवटी वज्रेश्वरीची बस पकडली. गरम पाण्याच्या कुंडांनी रोग बरे होतात म्हणणाऱ्यांना मी दर वर्षी माइकवरून झोडपते. आणि मी स्वतः तीन वेळा त्या कुंडात कंबरभर पाण्यात उभी राहून आले. घरी सांगितलं, शाळेची सहल होती.

गेल्या महिन्यात बसवेना तेव्हा डॉक्टर क्षितिजाकडे गेले. बाळाराम पाटलांची मुलगी, माझी विद्यार्थिनी. आता नारपोलीतच दवाखाना आहे तिचा. मी बोलायला सुरुवात केली, मूळ कारण, समाजरचना वगैरे. ती म्हणाली, "बाई, पाच मिनिटं गप्प बसा. आज मी शिकवते."

तिनं तपासलं, स्राव काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. मलाही पाहायला लावलं. बारीक बारीक कळ्या, धाग्यांना लागलेल्या. "ही बुरशी," ती म्हणाली. "यीस्ट. पाव फुगवतात त्या यीस्टच्या भाऊबंदांतली. ही पुष्कळ बायकांच्या अंगात थोडी असतेच. तिला धाकात ठेवणारे चांगले जंतूही तिथेच असतात. ते कमी झाले की ही माजते."

मग माझं रक्त तपासलं. साखर दोनशे अडुसष्ट. मला मधुमेह आहे, दिना, आणि मला पत्ता नव्हता. साखर वाढली की या बुरशीला मेजवानी. म्हणूनच पुन्हा पुन्हा होत होतं.

मी विचारलं, "म्हणजे हे नवऱ्याकडून येत नाही?"

"बाई, हिला नवरा लागत नाही. लग्न न झालेल्या मुलींनाही होते."

त्या खुर्चीत मला ती दुपार आठवली, आणि आता दुसरं खोटं. तुला सगळं माहीत आहे, तरी लिहिते. आरोप मी मोठ्यानं केला होता, कबुली पुटपुटून चालणार नाही.

मे २०००. तू बावीस वर्षांची. माझ्या ओट्यावर बसून म्हणालीस, "ताई, खाली आग होते, पांढरं जातं." मी तेव्हा बायकांच्या आजारांवर नुकतंच एक जाडजूड पुस्तक वाचलं होतं. त्यातलं एकच प्रकरण डोक्यात बसलं होतं, नवऱ्यांनी बाहेरून आणलेल्या रोगांचं. मी तुला पुढे एक प्रश्न विचारला नाही. थेट निजामपुऱ्यात गेले, मिथुन फिटर होता त्या यंत्रमागाच्या शेडमध्ये. चोवीस लूम खडखडत होते. तिथे कुणाशी बोलायचं तर तोंड कानाशी न्यावं लागतं. मी तसं केलं नाही, ओरडले. "कुठून आणलास हा रोग? कुठल्या बाईकडे जातोस?"

आणि वाक्याच्या मध्यावर वीज गेली.

चोवीस लूम एका दमात थांबले. शेजारच्या शेडमधले थांबले, समोरचे थांबले. अख्ख्या गल्लीत आवाज उरला तो माझा. धाग्याच्या कांड्या भरणाऱ्या बायका, चहावाला, लूमची देखभाल करणारा हिरामण जॉबर, सगळ्यांची तोंडं आमच्याकडे.

मला तिथे गप्प बसता आलं असतं. मी बसले नाही. ओरडून झालं होतं तरी आणखी पाच मिनिटं बोलले, शांतपणे, चांगल्या मराठीत, मग परप्रांतीय कारागिरांना कळावं म्हणून हिंदीत. श्रोते मिळाले की मला थांबता येत नाही. हीच माझ्या हेतूतली खोट.

मिथुनच्या हातात पाना होता. तो त्यानं पुसला आणि खाली ठेवला. दुसऱ्या दिवसापासून गल्लीत त्याचं नाव 'बीमारीवाला' पडलं. आठ दिवसांत तुम्ही भिवंडी सोडली.

दिना, त्या सुमारास तुझी अक्कलदाढ सुजली होती. वीस दिवस तू मोठ्या कॅप्सूल खात होतीस. क्षितिजाला मी हे सांगितलं. ती म्हणाली, तसल्या औषधांनी चांगले जंतूही मरतात आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. तपासल्याशिवाय ती खात्री देणार नाही. मी मात्र तेव्हा तपासल्याशिवाय दिली होती.

त्या कॅप्सूल तुला मीच आणून देत होते.

बकुळा


नारपोली
१९ फेब्रुवारी २००६

दिना,

तुझं कार्ड मिळालं. सहा वर्षांनी तुझं अक्षर. पूर्ण मजकूर असा: "ताई, दोन्ही पत्रं मिळाली. लेक्चर कमी कर. गोळीचं नाव लिहून पाठव."

आईनं नव्या डोळ्यानं ते स्वतः वाचलं आणि उशीखाली ठेवलं. वाल्मीक म्हणाला, "दोन ओळींत तुला गप्प केलं. ही खरी वक्ता."

म्हणजे अजून त्रास आहे. सहा वर्षं येतो, जातो, पुन्हा येतो. आणि दर वेळी तू त्याच्याकडे पाहून मनात काय म्हणत असशील ते मला कळतं, कारण ते मीच तुझ्या मनात घातलं.

गोळीचं नाव लिहिणार नाही. रागावू नकोस. एकदा मी न तपासता निकाल दिला, दुसऱ्यांदा देणार नाही. प्रत्येक पांढरं जाणं म्हणजे बुरशी नव्हे. घाण वास येत असेल, ओटीपोटात दुखत असेल, ताप असेल, मधेच रक्त जात असेल तर आजार दुसरा. त्यातल्या काहींत नवऱ्यालाही औषध लागतं. आणि दिवस राहिले असतील तर पोटातून घ्यायची गोळी चालत नाही, हेही डॉक्टरला सांगावं लागतं. इचलकरंजीत बाईडॉक्टर शोध. म्हण, काचेवर स्राव तपासा आणि साखर पाहा. बुरशी निघाली तर उपाय साधा आहे. मला क्षितिजानं योनीमार्गात ठेवायच्या गोळ्या दिल्या, सहा दिवस, झोपताना. माझं जुनं दुखणं म्हणून नंतर पोटातून घ्यायची गोळी, आठवड्याला एक. तिसऱ्या दिवशी खाज अर्ध्यावर आली. चार वर्षं, दिना, आणि तिसऱ्या दिवशी. मला रडू आलं आणि रागही आला, इतक्या साध्या गोष्टीचा.

आता एक गोष्ट मागच्या पत्रात लिहिली नव्हती.

क्षितिजानं विचारलं, "बाई, आतले कपडे कसले वापरता?" मी म्हटलं, "आपल्या भिवंडीचेच." दिवाळीला शेठ कांडीवाल्या बायकांना डॅमेजचं कापड वाटतो, आठवतंय ना? मधे धागा तुटलेलं पॉलिस्टर, चकचकीत. ते बायका घरी नेतात आणि परकर, चड्ड्या शिवतात. वरून दिसत नाही, मग डॅमेज असलं तरी काय बिघडलं. माझ्या सगळ्या विद्यार्थिनींच्या आया तेच वापरतात. ते पाणी शोषत नाही, वारा लागू देत नाही. त्यात घाम, त्यात शेडमधली उष्णता. आणि धुतलं की वाळत घालायचं कुठे, तर साडीखाली, कुणाला दिसू नये म्हणून. ओलंच पुन्हा अंगावर.

तुझ्या लग्नात मी तुला सहा परकर शिवून दिले होते. कापड डॅमेजचं होतं. गुलाबी. आणि धुवायला जंतुनाशकाची बाटलीही मीच दिली होती.

तेव्हा रोग कुणी आणला हे विचारायला मी पार निजामपुऱ्यात गेले. आरसा घरात होता.

सुती कपडे घे. उन्हात वाळव, सगळ्यांना दिसू दे. आत साबण, जंतुनाशक काही नको, साधं पाणी पुरे.

हे लेक्चर नाही. असलं तर शेवटचं.

ताई


नारपोली
१२ मार्च २००६

दिना,

चार पानी पत्र. मी तीनदा वाचलं आणि आईला दोनदा वाचून दाखवलं.

बुरशीच निघाली. साखर ठीक. दुसरं काही नाही. औषध घेतलंस आणि दहा दिवसांत सहा वर्षांचा छळ थांबला. ते गुलाबी परकर तू फरशी पुसायला घेतलेस हे वाचून मी एकटीच मोठ्यानं हसले.

पण खरी गोष्ट तू शेवटच्या पानावर लिहिलीस. कागद घेऊन तू मिथुनसमोर उभी राहिलीस. म्हणालीस, "तुझं काही नव्हतं. मीही मनातून तसंच धरलं होतं. चुकले." त्यानं कागद वाचला, घडी घातली, परत दिला. म्हणाला, "तू कागद दाखवलास. गल्लीला कोण दाखवणार? तुझ्या बहिणीनं जिथं, ज्यांच्यासमोर सांगितलं, तिथं परत सांगू दे. मग बघू." आणि कारखान्यात निजायला गेला.

त्याची अट योग्य आहे. मी जयंतीच्या सभेत सांगायचं ठरवलं होतं. मंडप, खुर्च्या, हार. आता कळतं, तेही मी माझ्याच सोयीचं निवडलं होतं. तिथे टाळ्या पडल्या असत्या.

मी निजामपुऱ्यातल्या त्याच गल्लीत जाईन. हल्ली तिथे लोडशेडिंगची वेळ ठरलेली आहे, भरदुपारी बारा. हिरामण अजून तिथेच जॉबर आहे.

वाल्मीक विचारतो, "भांडलीस मराठीत न् हिंदीत, माफी कुठल्या भाषेत मागणार?" मी म्हटलं, "दोन्हीत." तो म्हणाला, "मग मीही येतो. तुला माफी मागताना पाहिलं नाही कधी. तिकीट असतं तरी काढलं असतं."

मला भीती वाटते आहे, दिना. वयाच्या सोळाव्या वर्षापासून भाषणं करते. पहिल्यांदा वाटते आहे.

ताई


नारपोली
२६ मार्च २००६

दिना,

झालं. क्रमानं सांगते, नाहीतर मी शेवटाकडे पळेन.

गुरुवारी सकाळची शाळा सुटल्यावर गेले. बरोबर वाल्मीक आणि क्षितिजा. मी नको म्हटलं तरी क्षितिजा आली. म्हणाली, "तुम्ही वैद्यकीय चूक केलीत तर दुरुस्त करायला कुणी हवं." बारा वाजायला दहा मिनिटं होती. लूम खडखडत होते. जुन्या कारागिरांनी मला ओळखलं. एकजण कानाशी येऊन ओरडला, "मॅडम, आज किसको डाँटने आई हैं?" मी ओरडून म्हटलं, "अपने आप को." त्याला वाटलं, मी चहा सांगितला. त्यानं खरंच चहा आणला.

बारा वाजले आणि वीज गेली. तीच शांतता. कानात दडे बसतात तशी. मी कांड्यांच्या पेटीवर चढले.

म्हणाले, "सहा वर्षांपूर्वी याच जागी मी मिथुन फिटरला बदनाम केलं. बायकोला रोग दिला म्हणाले. ते खोटं होतं. डॉक्टरचा कागद आला आहे. त्याच्या बायकोला बुरशी झाली होती, ती त्यानं आणलेली नव्हती. दाताच्या औषधानं आणि मी शिवून दिलेल्या परकरांनी ती वाढली असावी. ज्यांनी त्याला बीमारीवाला म्हटलं त्यांनी ते नाव आजपासून मला द्यावं. मलाही तीच बुरशी होती. चार वर्षं." मग सगळं पुन्हा हिंदीत.

 पुरुष जमिनीकडे बघत होते. मग कोपऱ्यातून धोंडूबाई उठली. कशेळीची आगरी बाई, साठीची, वीस वर्षं कांड्या भरते आहे. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाय, तुला चारच वर्सां? माना तं सून आली तवापासून हाय. सुनेलाबी हाय. आमी एकमेकीला सांगलाच न्हाय." आणि पुरुषांकडे वळून, "तुमी काय आयकताव? जा बाहेर, बिड्या फुका."

ते गेले, दिना. अख्खी शेड रिकामी करून गेले. एकटा हिरामण दारात पाठ करून उभा राहिला, हातात मोबाईल उंच धरून. मला वाटलं, रेंज शोधतोय.

मग शेजारच्या शेडमधल्या बायकाही आल्या. चाळीसेक असतील. मी तीन वाक्यं बोलले आणि पेटीवरून खाली उतरले. पुढचं क्षितिजा बोलली. लोक माझं ऐकायला तयार असताना मी खाली उतरल्याचं वाल्मीकनं मागाहून ऐकलं आणि तारीख घालून लिहून ठेवलं.

प्रश्नांचा पाऊस पडला. नवऱ्यानं औषध घ्यायचं का? त्याला खाज, पुरळ असेल तर दाखवायचं, नाहीतर नाही. दही खायचं की सोडायचं? खा, पण दह्यानं हे बरं होणार नाही. मुलीला सांगायचं का? क्षितिजा म्हणाली, "मुलीला आधी सांगा." एक बिहारी बाई हळूच म्हणाली, तिला या दुखण्यासाठी माहेरी पाठवायचं घरात चाललंय. क्षितिजानं तिथेच तिला दुसऱ्या दिवशीची वेळ दिली आणि सासूला घेऊन यायला सांगितलं. धोंडूबाई म्हणाली, "सासू येत न्हाय तं मी आनते तिला, झिंज्या धरून."

धोंडूबाईचं तेवढ्यावर भागलं नाही. शेठला बोलावणं गेलं. तिनं त्याला सांगितलं, "शेठ, ह्या दिवालीला डॅमेज नको. सुती दे, दोन मीटर दे, पन सुती." चाळीस बायका उभ्या होत्या. शेठ हो म्हणाला. तो परत वळेपर्यंत तिनं दुसरं मागितलं, कपडे बदलायला आडोसा आणि पाण्याचा नळ. त्यालाही हो म्हणाला. शनिवारी गवंडी आला होता, मी स्वतः पाहून आले.

आता शेवट. सगळं आटोपून पुरुष लूमवर परतले तेव्हा हिरामण माझ्याजवळ आला आणि मोबाईल माझ्या हातात दिला. "मिथुन हाय. पयल्यापासून आयकतोय."

पहिल्यापासून. मी पेटीवर चढले तेव्हापासून, इचलकरंजीत, कानाला फोन लावून.

मी फोन कानाशी धरला. "मिथुनराव," म्हटलं. त्यानं बोलायला सुरुवात केली. 'ताई' एवढं ऐकू आलं. आणि वीज आली.

चोवीस लूम सुरू झाले. मी बोट दुसऱ्या कानात घातलं, पेटीमागे वाकले, गल्लीत पळाले, तर तिथे समोरचे लूम. तो बोलत होता, दिना. बराच वेळ. मला काही ऐकू आलं नाही. मी नुसती फोन धरून उभी होते, तो थांबेपर्यंत. माणूस बोलतोय आणि मी मधे एक शब्दही घातला नाही, हे आयुष्यात प्रथमच.

तो काय म्हणाला? विचारून कळव. शिव्या असतील तर त्याही कळव.

ताई


नारपोली
९ एप्रिल २००६

प्रिय दिना,

शब्द वापरला. परवानगी तुझ्या नव्या कार्डातच आहे असं मी धरलं.

आईनं हे कार्ड उशीखाली न ठेवता थेट भिंतीला लावलं आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला डावा डोळा दाखवते आणि मग कार्ड दाखवते. तू लिहिलंस: "तो काय बोलला ते सांगत नाही. म्हणतो, ताईंना समोर सांगेन. अंथरूण घरात आणलंय. चौदाला येतो."

क्षितिजाच्या दवाखान्यात मंगळवार फक्त बायकांसाठी ठेवला आहे. ती बिहारी बाई माहेरी गेली नाही. सासूचीही साखर वाढलेली निघाली, आता दोघी एकाच रिक्षातून येतात. धोंडूबाईनं सुनेचे कपडे दोरीवर, रस्त्याच्या बाजूला, भर उन्हात वाळत घातले. सरपंचाच्या बायकोनं हटकलं तेव्हा म्हणाली, "बघायचां त्यानं बघावां. माजी सून बरी झाली."

माझी साखर एकशे तीस. खाज नाही. फळ्याकडे पाठ करून शिकवते.

आता नीट वाच. यंदा चौदा एप्रिल शुक्रवारी आली आहे. शुक्रवारी भिवंडीचे लूम बंद असतात, तुला माहीतच आहे. वीज आली काय, गेली काय, गल्लीत खडखडाट नाही. सकाळी विहारात या. नंतर आपण सगळे निजामपुऱ्यात जाऊ. हिरामणनं जुन्या कारागिरांना सांगून ठेवलं आहे, सुट्टी असली तरी ते येणार आहेत. कांड्यांची पेटी जागेवर आहे.

समितीला मी कळवलं, यंदा माझं भाषण नाही. त्यांना वाटलं, मी आजारी आहे. मी म्हटलं, बरी झाले म्हणूनच.

मिथुनला सांग, सावकाश बोल. घाई करू नकोस, कुणी मधे बोलणार नाही.

तुझी,
ताई